फुकटच्या वकीलबाईंना

प्रिय वकीलबाई,

इंग्रजीत मी आयुष्यभर फक्त अर्ज आणि अहवाल लिहिले. आभार मानायची वेळ आली की मराठीच सुचते. सूनबाई याचं इंग्रजी करून तुम्हाला पाठवणार आहे. मराठी पत्र मात्र चारचौघांपुढे ठेवतोय, कारण ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा आईबापांना यातलं काही उपयोगी पडेल. तुमचं नाव लिहीत नाही, राज्याचंही नाही. पोराला अजून तिथेच संसार करायचाय.

माझी तुम्हाला ओळख एवढीच, की मागच्या बाकावर बसणारा आरोपीचा बाप. एकदा तुम्ही सुनेला विचारलंत, "तुझे सासरे इतकं मन लावून काय ऐकतात?" तर सांगतो. महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात मी 31 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 11 वर्षं सत्र न्यायाधीशांच्या पुढ्यात, बेंच क्लार्क म्हणून. साक्षीदाराला शपथ द्यायची, मुद्देमाल दाखवायचा, रोजनामा लिहायचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; मी त्या पायऱ्यांवर पगार घेतला. आरोपीचे नातेवाईक बाहेरच्या बाकावर कसे बसतात हे रोज पाहायचो. आपण त्या बाकावर बसू असं काही कधी वाटलं नव्हतं.

घडलं ते दोन मिनिटांत. गाडी लावायच्या जागेवरून बाचाबाची झाली, धक्काबुक्की झाली, समोरचा माणूस फुटपाथच्या कडेवर पडला आणि त्याचा जबडा मोडला. पोराला बेड्या पडल्या. कलम लागलं ते फेलनीचं. एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते अशा गुन्ह्याला तिकडे साधारणपणे फेलनी म्हणतात, आणि तो शिक्का एकदा बसला की नोकरी, भाड्याचं घर, सगळीकडे आडवा येतो.

त्यात आमच्या पोराने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. पोलीस आल्या आल्या तो म्हणाला, "हो, मीच ढकललं." आमच्याच घरची शिकवण ती, की खरं बोलावं, लपवू नये. मी तर निर्धास्त होतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुराव्यात येत नाही, हे आमच्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मुळे माझ्या हाडात भिनलेलं. नवा कायदा आला तरी तत्त्व तेच राहिलं. तिकडे तसं नाही, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. गप्प बसण्याच्या हक्काची ती सिनेमातली सूचना, 1966 च्या मिरांडा निकालातली, ताब्यात घेऊन चौकशी करायची असेल तेव्हा द्यावी लागते. आमचा पोरगा त्याआधीच, मोकळा उभा असताना, आपणहून बोलून बसला होता. ते वाक्य आता त्याच्या विरुद्ध वापरता येणार होतं.

आता तुमची माफी मागायची ती जागा.

पोराची नोकरी जाऊन 8 महिने झाले होते. खाजगी फौजदारी वकिलाच्या फीचा आकडा ऐकून सून मटकन खाली बसली. मिळकतीचा फॉर्म भरला आणि कोर्टाने पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारा बचावाचा वकील, म्हणून तुम्हाला नेमलं. मी बायकोला म्हणालो, "फुकटचा वकील म्हणजे कामापुरता उभा राहणारा." माझा अनुभवच तसा. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 304 खाली सरकारी खर्चाने वकील नेमला की आमच्याकडे बहुतेक वेळा एखादा नवशिका पोरगा यायचा. मिळणारं मानधन बघता त्याला तरी किती दोष द्यावा! साक्षीदार पिंजऱ्यात चढल्यावर तो माझ्याकडे कागद मागायचा. आणि इथे तुम्ही आलात त्या चाकांच्या बॅगेत फायली ओढत, माझ्या मुलीच्या वयाच्या, एका हातात कॉफी. मी मनात म्हटलं, संपलं.

पहिल्याच तारखेला तुम्ही जामिनाची रक्कमच लागू दिली नाहीत. आमच्याकडे जामीनदार सातबारा घेऊन उभा राहतो; तिकडे बऱ्याच राज्यांत जामिनाचा धंदा करणारे लोक आहेत, ते रकमेच्या दहाएक टक्के घेतात आणि ते पैसे परत मिळत नाहीत. तुम्ही सुनेकडून आदल्या संध्याकाळी फोनवर सगळं विचारून घेतलं होतं. किती वर्षं एकाच पत्त्यावर, मुलं कुठल्या शाळेत, पूर्वी काही गुन्हा आहे का. न्यायाधीशांपुढे हे सगळं तुम्ही मिनिटभरात मांडलंत, कागद न बघता. पोरगा जातमुचलक्यावर सुटला.

त्याआधीच्या दोन रात्री मला एकच ध्यास होता, की त्याच्याशी फोनवर बोलून नक्की काय झालं ते विचारायचं. तुमचा निरोप आला नसता तर मी विचारलंही असतं. "जेलमधले फोन रेकॉर्ड होतात. जेवलास का विचारा, झोप लागली का विचारा, भांडणाचा शब्द काढू नका." हे प्रत्येक आईबापाने लिहून ठेवावं. काळजीपोटी विचारलेला प्रश्न आणि पोराने दिलेलं भाबडं उत्तर, दोन्ही सरकारी वकिलाच्या टेबलावर जाऊन पडतात.

मग कॅमेऱ्याचं प्रकरण. जागेसमोरच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून आहे, हे पोलिसांच्या अहवालात कुठेच नव्हतं. तुमच्या ऑफिसचा तपासनीस तिथे जाऊन उभा राहिला तेव्हा दिसला. अशी चित्रं यंत्रात कायमची राहत नाहीत, काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं, म्हणून तुम्ही त्याच दिवशी दुकानदाराला चित्रीकरण राखून ठेवण्याचं पत्र दिलंत. 31 वर्षांत मी हजारो पंचनामे हाताळले, पण बचाव पक्षाचा माणूस घटनास्थळी जाऊन मान वर करून बघतो, हे पहिल्यांदा ऐकलं. आरोपीच्या सोयीचा पुरावा सरकारकडे असेल तर तो सरकारने द्यायलाच हवा, असा ब्रेडी खटल्याचा 1963 चा निकाल तिकडे आहे. पण सरकारने जो गोळाच केला नाही, तो देणार कुठून? तो आपणच जाऊन आणावा लागतो.

प्राथमिक सुनावणीतला, म्हणजे खटला पुढे चालवण्याइतका पुरावा आहे का हे बघतात त्या सुनावणीतला, तुमचा उलटतपास मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलाय. पोलीस अधिकारी साक्षीला होता. तुम्ही चारच प्रश्न विचारलेत. तुम्ही पोहोचलात तेव्हा भांडण चालू होतं का? नाही. पहिला धक्का कुणी दिला हे तुम्ही स्वतः पाहिलं का? नाही. मग हे कुणाकडून कळलं? जखमी माणसाकडून. समोरच्या दुकानात कॅमेरा आहे का याची चौकशी केलीत का? यावर तो थांबला, टाय नीट केला आणि म्हणाला, "नाही." तुम्ही "थँक यू" म्हणून बसलात. आमच्याकडचे काही नामांकित वकील इथे पाचवा प्रश्न विचारतात, "का नाही केलीत?" आणि साक्षीदार मिळालेल्या फटीतून निसटतो. तुमचं ते गप्प बसणं मला फार आवडलं. खटला त्या दिवशी संपला नाही, वरच्या कोर्टापुढे चालवायचं ठरलंच. पण सरकारी वकिलाने त्या उत्तराखाली काट मारल्यासारखी जोरात रेघ ओढली, ते मी मागच्या बाकावरून पाहिलं.

त्यानंतर आठवड्याभरात तडजोडीचा प्रस्ताव आला. फेलनी कबूल करा, एक वर्षाची कैद पण स्थगित, एक दिवसही आत जायचं नाही, दोन वर्षं देखरेख. मी म्हणालो, घे. सून म्हणाली, घ्या. हिने देवापुढे साखर ठेवली. तिकडे खटले असेच मिटतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच 2012 च्या एका निकालात म्हटलंय की राज्यांमधल्या 94 टक्के शिक्षा कबुलीतून होतात. आमच्याकडे ही सोय 2006 मध्ये कायद्यात आली, पण मी निवृत्त होईपर्यंत तिची प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा मला वाटलं, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

तुम्ही नको म्हणालात, आणि मला राग आला. खोटं कशाला बोलू, मी घरी म्हणालो, "हिचं काय जातंय?"

मग तुम्ही आम्हा सगळ्यांना बोलावून एका कागदावर दोन आकडे लिहिलेत. 365 आणि 364. पोरगा ग्रीन कार्डवर, नागरिक नाही. हिंसेच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, तर परदेशी माणसासाठी तो देशातून काढण्याजोगा गुन्हा होतो, मग तिथे त्याचा संसार असो, मुलं असोत. शिक्षा स्थगित असली तरी कागदावरचा आकडाच धरतात. म्हणजे एकही दिवस जेलमध्ये न जाता, घरी बसून, तो हद्दपारीला पात्र झाला असता. एका दिवसाच्या फरकाने! कबुली देण्याआधी परदेशी अशिलाला हा धोका सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असा 2010 चा पॅडिला खटल्याचा निकाल आहे, हेही तुम्ही सांगितलंत. तो पॅडिला 40 वर्षं अमेरिकेत कायदेशीर राहिलेला, व्हिएतनामच्या युद्धात लढलेला. वकिलाने "काळजी नको" म्हटलं म्हणून कबुली देऊन बसलेला. तुम्ही इमिग्रेशनच्या जाणकाराला आधीच विचारून ठेवलं होतं. मी मात्र 31 वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर पोराला सही करायला सांगत होतो.

त्या रात्री सुनेने मला गिडियनची गोष्ट वाचून दाखवली. फ्लोरिडातला गरीब माणूस, पूल नावाचा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायच्या जागेत घुसून चोरी केल्याचा आरोप. त्याने कोर्टात वकील मागितला, तर उत्तर मिळालं की आमच्या राज्यात तो फक्त देहदंडाच्या खटल्यात मिळतो. शिक्षा झाली 5 वर्षं. तुरुंगातून त्याने सर्वोच्च न्यायालयाला पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि 18 मार्च 1963 ला निकाल लागला की फेलनीच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर तो राज्याने द्यायचा. फेरखटल्यात वकील मिळाला आणि ज्युरीने साधारण तासाभरात त्याला निर्दोष सोडलं. आरोपी तोच, आरोपही तोच. आवक-जावक विभागात पेन्सिलीने लिहिलेले कैद्यांचे अर्ज मीही शिक्का मारून पुढे सरकवले आहेत. किती वाचले, ते विचारू नका.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. चित्रीकरणात पहिला धक्का समोरच्याचा दिसला, तेही दोनदा. फेलनी मागे घेतली गेली, शांतताभंगाचा किरकोळ आरोप आणि दंडावर मिटलं. पोरगा अगदीच निर्दोष होता असं मीही म्हणणार नाही. त्या माणसाचा जबडा मोडला हे खरंच आहे, आणि तो तारांनी बांधलेल्या तोंडाने कोर्टात आला तेव्हा मला मान वर करवली नाही.

शेवटच्या दिवशी मी शाल आणली होती. तुम्ही हात जोडलेत, भेट घेता येत नाही म्हणालात आणि पुढच्या आरोपीकडे वळलात, एक थरथरणारा पोरगा, त्याच्यासोबत कुणीच नव्हतं. त्याच्याशी बोलताना तुम्ही त्याच्या उंचीला येण्यासाठी बाकावर बसलात.

जाता जाता म्हणालात, निकालाच्या सही-शिक्क्याच्या तीन नकला काढून ठेवा, विमानतळावर आणि नागरिकत्वाच्या अर्जाला लागतील. मी पाच काढल्या. दोन पोराकडे, एक सुनेकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये, आणि एक मी इकडे घेऊन आलोय, पुठ्ठ्याच्या फाईलला लाल फीत बांधून, वर नोंद क्रमांक घालून.

तुमचा,
मागच्या बाकावरचा