कुशीनगरच्या गाडीत यंदा आपली माणसं बसावीत
नाशिकरोडच्या ज्येष्ठ उपासक-उपासिकांच्या धम्मयात्रेसाठी आवाहन

वस्तीतले सर्व उपासक-उपासिका, इथून शिकून बाहेर पडलेली आपली मुलं-मुली आणि धम्मावर प्रेम करणारे सर्व मित्र यांना सप्रेम जयभीम. नमो बुद्धाय.

नाशिकरोड स्टेशनच्या आसपास ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना एक घोषणा तोंडपाठ आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरला जाणारी कुशीनगर एक्सप्रेस अमुक नंबरच्या फलाटावर येत आहे. आपल्या विहारातल्या एका आजींनी स्टेशनबाहेर तीस वर्षं भाजी विकली आणि ही घोषणा रोज ऐकली. यंदा वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनात तथागतांच्या महापरिनिर्वाणाचा, कुसिनाराचा भाग आला. वाचणाऱ्या मुलीने सहज सांगितलं, की कुसिनारा म्हणजे आजचं कुशीनगर. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, मग ती आपलीच गाडी की. आपण कसं कधी बसलो नाही तिच्यात?"

त्या प्रश्नावर विहारात कुणाकडे उत्तर नव्हतं. त्याच रविवारी वंदनेनंतर समितीची बैठक बसली आणि ठरलं, की येत्या माघ पौर्णिमेच्या सुमारास आपल्या वस्तीतल्या चौतीस ज्येष्ठांना सारनाथ, बुद्धगया, राजगृह (आजचं राजगीर), नालंदा, वैशाली, कुशीनगर आणि लुंबिनी अशी बारा दिवसांची यात्रा घडवायची. हे पत्र त्यासाठीच आहे.

ही माणसं कोण, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. विहाराचा पाया खणला तेव्हा डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बाया याच. जयंतीला घरटी वर्गणी गोळा करत फिरणारे, तुमच्या शाळेच्या फीसाठी कानातलं मोडणारे हेच. यातल्या एका आजींचे वडील १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते. यांना त्रिशरण-पंचशील झोपेतही म्हणता येतं, पण ज्या भूमीतून ते शब्द आले ती भूमी चौतिसांपैकी एकानेही पाहिलेली नाही.

भगवंतांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत असलेल्या महापरिनिब्बान सुत्तात ते आपला शिष्य आनंद याला चार ठिकाणं सांगतात. तथागत जन्मले ते, बोधी प्राप्त झाली ते, धम्मचक्र फिरवलं ते आणि महापरिनिर्वाण झालं ते. श्रद्धावान माणसाने ही ठिकाणं पाहावीत, असं ते म्हणतात. लुंबिनी नेपाळात, बुद्धगया बिहारात आणि सारनाथ व कुशीनगर उत्तर प्रदेशात. ज्याची कमाई रोजच्या हातावर होती, त्याला चारही ठिकाणं सारखीच लांब राहिली.

आमच्या मनात कुशीनगरची ओढ सगळ्यात जास्त आहे, आणि तिला कारण आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना ज्यांनी दीक्षा दिली, ते भदंत चंद्रमणी महास्थविर कुशीनगरचे. मूळचे ते ब्रह्मदेशातले. पण उभं आयुष्य त्यांनी कुशीनगरात काढलं आणि ऐंशीच्या घरात असताना दीक्षा द्यायला नागपूरला आले. त्यानंतर महिनाभरात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतताना सारनाथ आणि कुशीनगरला जाऊन आले. शरीर थकलेलं होतं, तरी गेले. ३० नोव्हेंबरला ते दिल्लीत पोचले. ६ डिसेंबर आपल्याला सांगावा लागत नाही. बाबासाहेबांनी अखेरच्या दिवसांत ज्या मूर्तीचं दर्शन घेतलं, तिच्यापुढे आपल्या आजींनी एकदा बसावं, एवढीच आमची इच्छा आहे.

ती मूर्ती उजव्या कुशीवर पहुडलेल्या तथागतांची आहे, सुमारे वीस फूट लांब. १८७६ साली पुरातत्त्व खात्याच्या कार्लाइल यांना उत्खननात ती तुकड्या-तुकड्यांत सापडली आणि त्यांनी ती जोडून घेतली. तिच्या बैठकीवर पाचव्या शतकातला लेख आहे. हरिबल नावाच्या दात्याचं हे 'देयधर्म', म्हणजे दान, आणि घडवणारा दिन्न, असं त्यात कोरलं आहे. आता हाच शब्द आपल्या घराजवळ पाहा. त्रिरश्मी लेणींमध्ये, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, आठव्या क्रमांकाच्या लेण्यात मुगुदास नावाच्या कोळ्याचा लेख आहे. ही लेणी आपल्या परिवारासह आपलं 'देयधम' आहे, असं तो सांगतो. तिथल्याच चैत्यगृहाच्या दारावर तर आख्ख्या गावाचं नाव आहे, 'नासिककनं धंभिकगामस दानं'. नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान. राजाराण्यांनीही इथे लेणी दिली, गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहेच. पण जाळं टाकून पोट भरणाऱ्याने आणि वर्गणी काढणाऱ्या गावानेही इथे दान दिलं, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वर्गणीचा दगड आजही वाचता येतो. विहारातल्या मुलांना आम्ही मागच्या महिन्यात तिथे नेलं होतं. एका मुलाने 'दानं' या अक्षरांवरून, स्पर्श न करता, हवेतच बोट फिरवलं. विहारातल्या पावतीपुस्तकावर तोच शब्द आहे, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं.

सारनाथचंही आपल्याशी नातं आहे. १९०५ च्या सुमारास तिथे जमिनीतून निघालेलं अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष २६ जानेवारी १९५० पासून देशाची राजमुद्रा झालं. त्या मुद्रेच्या नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात. चौतिसांतल्या काही जणींचे घरधनी त्याच प्रेसमध्ये कामाला होते. आयुष्यभर पगाराच्या नोटेवर पाहिलेले सिंह खरे केवढे आहेत, ते सारनाथच्या संग्रहालयात दिसतं. लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे. 'हिद बुधे जाते', इथे बुद्ध जन्मले, असं त्यावर लिहिलं आहे आणि म्हणून त्या गावाचा कर कमी केल्याचीही नोंद आहे. बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी अशोकाची मुलगी संघमित्रा हिने श्रीलंकेला नेली. अनुराधापूरच्या त्या वृक्षाची फांदी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्रिरश्मीच्या पायथ्याशी लावली गेली, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण तिथे होते. फांदी पाहिली, आता मूळ जागा पाहायची आहे.

एक गोष्ट मनात सलते, तीही मोकळेपणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या सहा बाया एका खासगी सहलीबरोबर गेल्या होत्या. बुद्धगयेत त्यांना जेमतेम पाऊण तास मिळाला. लुंबिनीला तर जाताच आलं नाही, कारण सीमेवर चालणारं ओळखपत्र सोबत घ्यायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. इतरांची परत येण्याची वाट पाहत त्या बसमध्ये बसून राहिल्या. त्यातल्या दोघी आज आपल्यात नाहीत. म्हणून ही यात्रा आपण स्वतः काढतो आहोत, आणि सावकाश काढतो आहोत. बुद्धगयेत तीन मुक्काम, कुशीनगरात दोन. निरंजना नदी ओलांडून, बोधीपूर्वी तथागतांना खीर देणाऱ्या सुजाताच्या गावीही जायचं. पुढच्या तीन महिन्यांनी आपण परिनिर्वाण पावू, असं भगवंतांनी वैशालीत माघ पौर्णिमेला सांगितल्याचं परंपरा मानते. त्या पौर्णिमेची वंदना वैशालीतच घेऊ आणि मग कुशीनगरची वाट धरू. त्यांनी शेवटची पायी केलेली वाट तीच होती.

हिशेब असा. जाताना महानगरी एक्सप्रेसने वाराणसी, येताना गोरखपूरहून कुशीनगर एक्सप्रेस, मधला प्रवास बसने, मुक्काम विहारांत आणि धर्मशाळांत, स्वयंपाक आपला आपण. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद झाल्याने भाड्याचा आकडा वाढला आहे. तरी माणशी ११,५०० रुपयांत बसवलं आहे. चौतीस जणांचे ३,९१,००० होतात. प्रत्येक ज्येष्ठाने स्वतःचे ४,००० घातले आहेत, त्याचे १,३६,००० झाले. कुणी निराधार योजनेच्या पैशांतून घातले, कुणी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठवलेली नाणी आणून समितीपुढे ओतली. ती मोजायला तासभर लागला आणि तेवढा वेळ आजी शेजारी उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. वस्तीतून ६२,००० जमले आहेत. अजून १,९३,००० रुपये कमी पडतात. सोबत जाणारे सात कार्यकर्ते आपला खर्च स्वतः करणार आहेत, त्याचा यात समावेश नाही.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे कार्तिक पौर्णिमेपर्यंत रक्कम हातात हवी. एका ज्येष्ठाचा उरलेला खर्च ७,५०० रुपये आहे. एकट्याने जमत नसेल तर दोन-तीन मित्रांनी मिळून एक नाव घ्यावं. पन्नास रुपयेही आम्ही तितक्याच आदराने घेऊ. पैसे विहारात रोज संध्याकाळच्या वंदनेनंतर द्यावेत आणि पावती घेतल्याशिवाय देऊ नयेत. पुण्या-मुंबईत आणि परदेशात असलेल्या मुलांनी आपल्या घरच्यांमार्फत पाठवावेत, अनोळखी माणसाच्या मोबाइलवर पाठवू नयेत. जमा-खर्च दर रविवारी फळ्यावर लिहिला जातो.

पैशांशिवायही काम पुष्कळ आहे. बारा दिवस सोबत येऊ शकेल अशी एक नर्स किंवा डॉक्टर हवा, निम्म्या जणांना शुगर-बीपीच्या गोळ्या आहेत. प्रत्येक ठिकाणी बसून त्या जागेचा इतिहास सोप्या मराठीत, मोठ्या आवाजात सांगणारी शिक्षिका किंवा शिक्षक हवा. चौतीस गरम शाली किंवा स्वेटर हवेत, जुने पण धुतलेले चालतील, कारण तिकडे माघातली थंडी आपल्याला सोसणारी नाही. आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे नेपाळच्या सीमेसाठी मतदार ओळखपत्र. अकरा जणांच्या कार्डावर नाव किंवा वय चुकलेलं आहे, एकीच्या कार्डावर तर नवऱ्याचाच फोटो आहे. ऑनलाइन अर्ज भरता येणाऱ्या मुला-मुलींनी येत्या रविवारी सकाळी दहाला लॅपटॉप घेऊन विहारात यावं. आजी-आजोबा कागदपत्रं घेऊन नऊलाच येऊन बसणार आहेत.

आपले नम्र,
विहार समिती व महिला मंडळ, नाशिकरोड