थंडीत सुजणाऱ्या बोटांविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. पायाची दोन बोटे लालसर-जांभळी होऊन सुजली आहेत, रात्री पांघरुणात शिरल्यावर ती असह्य खाजतात, आणि बुरशी झाली असावी असे समजून तू आठवडाभर मलम लावतो आहेस, हे वाचून मला माझाच मागचा हिवाळा आठवला. माझी बोटेही अशीच झाली होती आणि मीही सुरुवातीला असाच चुकलो होतो. पत्रावरून निदान करता येत नाही हे मला मान्य आहे, परंतु तू लिहिलेल्या खुणा चिलब्लेन्सच्या, म्हणजे थंडीने बोटे सुजून खाजण्याच्या विकाराच्या आहेत.

थंडी लागली की त्वचेलगतच्या बारीक रक्तवाहिन्या सर्वांच्याच आकसतात. काही जणांच्या मात्र प्रमाणाबाहेर आकसतात आणि ऊब मिळाल्यावरही सहजपणे पूर्ववत होत नाहीत. अशा वेळी बोटे एकाएकी तापवली, तर आत आलेले रक्त त्या अरुंद वाटांना पेलत नाही, त्यातील द्रव आजूबाजूच्या भागात झिरपतो आणि सूज, आग व खाज सुरू होते. यासाठी बर्फच पडायला हवा असे नाही. तापमान शून्याच्या वर असले तरी हवेत ओल असेल आणि पाय दमट राहत असतील, तर तेवढे पुरते. हिमदंशात ऊतीच गोठतात, तसे येथे होत नाही. त्रास बऱ्याचदा थंडी लागल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवतो, म्हणून त्याचा आदल्या दिवशीच्या भिजलेल्या मोज्यांशी असलेला संबंध आपल्या ध्यानातच येत नाही.

माझी मोठी चूक सांगतो, कारण तूही तीच करशील अशी मला भीती वाटते. बाहेरून आलो की मी गारठलेले पाय थेट गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवत असे. क्षणभर बरे वाटे आणि तासाभरात खाज दुप्पट होई. पुढे खाजवून कातडी फाटली, पू झाला आणि डॉक्टरांकडे जावेच लागले. तेव्हा शेकोटी, हीटर, कढत पाणी यांपासून बोटे दूर ठेव. ओले मोजे लगेच काढ, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाय टिपून कोरडे कर, सुके लोकरीचे मोजे घाल आणि खोलीच्या उबेत पाय सावकाश गरम होऊ दे. त्वचा फाटलेली नसेल तर साधे, वास नसलेले मॉइश्चरायझर लाव आणि कितीही मोह झाला तरी खाजवू नकोस.

नुसत्या पायांना जपूनही भागत नाही. धड गारठले की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांचे रक्त आखडते घेते, त्यामुळे बाहेर पडण्यापूर्वी डोके, छाती आणि मांड्याही नीट झाकायला हव्यात. बूट सैल असावेत; घट्ट बुटात दोन मोजे कोंबल्याने रक्तप्रवाह अडतो आणि पाय अधिकच गार पडतात. आणखी एक गोष्ट मी मनापासून सांगतो: सिगारेट सोड. निकोटीन याच रक्तवाहिन्या आवळते, आणि आपल्या मैत्रीच्या हक्काने मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

नव्याने थंडी लागू दिली नाही, तर हे डाग साधारणपणे एक ते तीन आठवड्यांत मावळतात. तेवढ्यात बरे वाटले नाही, फोड फुटला, पू दिसला, अथवा उन्हाळ्यातही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखव. सांधे दुखत असतील किंवा चेहऱ्यावर पुरळ असेल तर तेही सांग, कारण क्वचित यामागे ल्युपससारखा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार असतो. वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर कधी रक्तवाहिन्या सैलावणारे निफेडिपिन देतात. त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्तदाबाची काही औषधे, विशेषतः बीटा ब्लॉकर, हातपाय अधिक गार करतात; तू कोणती गोळी घेतोस ते मला ठाऊक नाही, पण तिचे नाव डॉक्टरांना जरूर दाखव. वहिनींना मधुमेह आहे ना? त्यांच्या पायांवर असे काही दिसले तर घरगुती उपाय करत न बसता त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा, कारण पायांची संवेदना कमी असेल तर जखम कळतही नाही.

ते बुरशीचे मलम तूर्त बंद ठेव आणि येत्या पंधरवड्यात बोटांचा रंग कसा बदलतो ते मला सविस्तर कळव.

तुझा स्नेहांकित मित्र