पारा वेगळा, सूरा वेगळी

मा. संपादक,

रमजाननिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. त्यात ‘कुराणाचे तीस अध्याय’ असे छापले आहे, तेवढे मात्र खटकले. तीस असतात ते पारे. सूरा, म्हणजे कुराणाची नावे असलेली प्रकरणे, ११४ आहेत.

पारा ही वाचायच्या सोयीची सारखी वाटणी. महिन्यात कुराण पुरे व्हावे म्हणून तीस. सप्ताहातल्या ज्ञानेश्वरीसारखे आठवड्यात संपवायचे, तर सात मंजिलांची वाटणीही आहे. आमच्या अंबाजोगाईत कुणाकडे कुराणखानी, म्हणजे मिळून कुराण वाचणे, असली की तीस पाऱ्यांच्या सुट्या पुस्तिका मधोमध ठेवतात. ज्याने त्याने एक उचलायची, संपली की दुसरी. माणसे भरपूर असली तर तासाभरात अख्खे कुराण होते. सूरा मध्येच तुटली म्हणून कुणाचे काही अडत नाही. दुसरी सूरा, बकरा, २८६ आयतींची, म्हणजे वचनांची. ती पहिल्या पाऱ्यात सुरू होते आणि तिसऱ्यात जाऊन संपते. (बकरा म्हणजे बोकड नव्हे, अरबीत गाय. वर्गात हे सांगितले की पोरे हसायची.)

सूरेला अध्याय म्हणायला माझी फार हरकत नाही. पण मराठीचा मास्तर म्हणून आयुष्यभर ज्ञानेश्वरी शिकवली, त्यामुळे फरक जाणवतो. गीतेच्या अध्यायाचे नाव वाचले की आत काय असेल याचा अंदाज येतो. सूरेचे नाव ही बहुधा नुसती खूण. बकरामध्ये गायीचा प्रसंग जेमतेम सात आयतींचा. बाकी रोजे, तलाक, किब्ला (नमाजाची दिशा), उसनवारी लिहून ठेवण्याचे नियम, असे कितीतरी. क्रमही पैगंबरांवर उतरल्या काळाचा नाही. सर्वांत आधी उतरलेल्या आयती ९६व्या सूरेत आहेत! ढोबळमानाने मोठ्या सूरा आधी, लहान शेवटी. म्हणून लेकरांचे पाठांतर उलटे, शेवटच्या अम्म पाऱ्यापासून सुरू होते. त्यात ३७ छोट्या सूरा. कौसर तर तीनच आयतींची. नमाजात फातिहाच्या, म्हणजे पहिल्या सूरेच्या, जोडीला त्याच कामी येतात.

जाता जाता आणखी एक. लेखात दोन ठिकाणी ‘सुरा’ असे ऱ्हस्व छापले आहे. त्या शब्दाचा मराठीत काय अर्थ होतो हे आपल्या मुद्रितशोधकांना ठाऊक असेलच. निदान रोजांच्या महिन्यात तरी तेवढा उकार दीर्घ ठेवावा.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई