थेंब न घालता लहान मुलांना चष्मा देऊ नका

महोदय,

शाळा उघडल्या की मुंबईत चष्म्याच्या दुकानांत लहान मुलांची रीघ लागते. मूल नंबर मोजणाऱ्या यंत्रावर हनुवटी टेकवते, चिठ्ठी निघते आणि त्याच आकड्यावर चष्मा बनतो. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाचा असा नंबर पुष्कळदा चुकतो. या वयात डोळ्यातले भिंग फुगवण्याची ताकद फार असते. यंत्रात बघताना मूल नजर आवळते. मग नसलेला मायनस (लांबचे धूसर दिसण्याचा नंबर) दिसतो, नाहीतर असलेला प्लस (त्याच्या उलटा नंबर) लपतो. लपलेल्या प्लसमुळे डोळा नाकाकडे वळत असेल, तर मायनसच्या काचेने तिरळेपणा आणखी वाढतो.

म्हणून डोळ्यातले भिंग तात्पुरते सैल करणारे थेंब. सायक्लोपेन्टोलेट १ टक्क्याचा एक थेंब, ५ ते १० मिनिटांनी दुसरा, आणि पहिल्यापासून साधारण ४५ मिनिटांनी अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर मोजणाऱ्या उपकरणाने, तपासणी. घाई इथेच नडते. आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत औषध सावकाश चढते, आणि बाहुली मोठी झाली म्हणजे भिंग सैल पडले असे नव्हे. रेटिनोस्कोपमध्ये बाहुलीत दिसणारी प्रकाशाची झाक क्षणाक्षणाला बदलत असेल तर थांबायलाच हवे.

पाच वर्षांच्या आतल्या, विशेषतः तिरळ्या मुलांना अ‍ॅट्रोपिन १ टक्का मलम (हेही भिंग सैल करणारे औषध) देतात: सहसा तीन दिवस, दिवसातून दोनदा, तांदळाच्या दाण्याएवढे, खालची पापणी ओढून आत. नंतर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरा, सांडलेले पुसा, हात धुवा. तेच बोट आईच्या डोळ्याला लागले तर तिचीही बाहुली मोठी होते. तपासणीच्या दिवशी सकाळी लावू नका, मलमाच्या थराने झाक धूसर दिसते. चेहरा लाल होणे, ताप, तोंडाला कोरड, बरळणे यांपैकी काही दिसले तर मलम बंद करून लगेच डॉक्टरांना गाठा. अ‍ॅट्रोपिनने घाम कमी येतो, त्यामुळे मे महिन्यात अशा मुलाला उन्हात खेळू देऊ नये. जवळचे धूसर दिसणे दहा-पंधरा दिवस टिकते. चाचणी परीक्षेच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

औषध घेताना टक्केवारी वाचा. मायनस नंबर वाढण्याचा वेग कमी करायला देतात ते ०.०१ टक्क्याचे अ‍ॅट्रोपिन वेगळे. त्याने ही तपासणी होत नाही.

चष्म्याच्या कागदावर कोणते थेंब घातले आणि किती वेळाने तपासले, हे पालकांनी लिहून मागावे. ती ओळ नसेल तर काचा कापायला टाकू नयेत.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट (डोळ्यांचा नंबर तपासणारा), दादर, मुंबई