बापूनं पिवळाच घेतला

कोल्हापूर,
श्रावण, शुक्रवार

प्रिय दिग्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या घाल आणि पुढं वाच. पाठ बरी आहे. बापूमुळं लिहायला बसलोय. दुसऱ्या कुणाला हे सांगून उपयोग नाही.

काल तो माझ्या गुळाच्या दुकानात आला. मोर्चात, बिंदू चौकात कोल्ड्रिंकच्या बाटल्या गटारात ओतणारा आपला बापू! (तू मागं उभा राहून त्यातली एक प्यायलास, ते मी विसरलेलो नाही.) रसायनमुक्त शेतीवर भरपूर बोलला. गुळाच्या ढेपेचा खडा तोडून तोंडात टाकला, डोळे मिटून "वा!" म्हणाला. मग हळूच, "एवढा काळा का रे?"

लेका, हे मी बापूला सांगायचं? रस उकळताना काहिलीत हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर पडली की गूळ पिवळाधमक, नाही पडली की तांबूस. आमचा गुळव्या भेंडीच्या चिकानं मळी काढतो, बस्स. त्यात हा माल गेल्या हंगामाचा, पावसाळी हवेनं आणखी गडद झालेला. त्याला सगळं ठाऊक आहे. 2014 साली कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेढे यानंच वाटले होते! तरी म्हणाला, "गौरीला पाहुणे आहेत, पुरण काळं दिसंल." आणि समोरच्या दुकानातनं पिवळा घेतला. जाताना मला हात केला, निर्लज्ज.

भाव परवडत नाही म्हणून गेला असता तर ब्र काढला नसता. पैसा आहे त्याच्याकडं. गंमत ही, की उलटतपासणी फक्त माझ्या गुळाची. कुठल्या गावचा, सेंद्रिय कशावरून, कागद आहे का? समोर एकच प्रश्न, "किलो कसा?" तिथं जास्त विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं, आणि ऐकल्यावर पिवळा पिशवीत टाकताना हात अडखळतो. मुक्ता सांगत होती, 2005 साली अमेरिकेत लाकडी टेबलांवर असाच अभ्यास झाला. लाकूड जंगल तोडून आणलंय का हे आयतं समोर आलं, तर लोक ते धरून निवड करतात. स्वतः विचारायची पाळी आली की गप्प, जंगलाची कळकळ असलेलेसुद्धा. म्हटलं, बापूचे भाऊबंद तिकडंही आहेत.

तू तुझं जुनं पालुपद लावशील, "माणसं ढोंगी." हॉस्टेलवर यावरनं आपण आठवडाभर बोललो नव्हतो. मला अजून पटत नाही. मोर्चात बापूकडं आपण बघत होतो, ताटाकडं वहिनींचं माहेर बघणार. आपण काय, काळं पुरणही चाटून खाऊ.

धाकटा म्हणतो, पुढच्या हंगामात पिवळाही ठेवू, गिऱ्हाईक तरी आत येईल. हिशेब त्याचाच बरोबर आहे, आणि तोच मला सलतोय. तुला काय वाटतं, सरळ लिही. भाषण नको.

तुझी बदली रद्द झाली का? पोरीचा बारावीचा निकाल कळला, तिला शाबासकी. काकूंना नमस्कार. गौरीला येणार असशील तर बापूकडं जेवायला जाऊ. पुरणावरनं मात्र एक शब्द काढायचा नाहीस.

तुझा,
अव्या