फादर लमेत्र यांनी खोडलेला परिच्छेद

वसई, रविवार संध्याकाळ

प्रिय मित्रा,

मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेहून, परतल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं. आठवडाभर वर्गात महास्फोट (‘बिग बँग’, विश्वाच्या आरंभाचा सिद्धांत) शिकवायचा आणि रविवारी ‘देवाने सृष्टी निर्मिली’ म्हणायचं, हे तुला आतून पटतं का, असं तू थेट विचारलंस. बरं वाटलं. लोक एक तर हा विषय टाळतात, नाही तर टोमणा मारतात.

पूर्वी माझ्याकडे उत्तर तयार असायचं. ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली’ हे बायबलचं पहिलंच वाक्य विज्ञानाने सिद्ध केलंय, असं मी चर्चमधल्या मुलांना छाती फुगवून सांगायचो. ते सांगणं मी सोडलं ते फादर जॉर्ज लमेत्र यांच्यामुळे. महास्फोटाची मूळ कल्पना त्यांचीच.

बेल्जियमचा हा माणूस पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता. १९२३ मध्ये धर्मगुरू म्हणून दीक्षा झाली आणि त्याच वर्षी ते केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. विश्व प्रसरण पावतंय, हे त्यांनी १९२७ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून मांडलं. खुद्द आइनस्टाइन त्यांना म्हणाले, गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर! तरी ते मागे हटले नाहीत. सगळं विश्व एका आदिम अणूतून निघालं असावं, असं त्यांनी १९३१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छोट्या टिपणात लिहिलं. त्या टिपणाच्या टंकलिखित प्रतीत शेवटी एक परिच्छेद होता: देव मुळातच गुप्त आहे आणि आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या उगमावर पडदा धरतं, याचा श्रद्धावंताला आनंदच वाटावा, अशा अर्थाचा. तो त्यांनी खोडला आणि टिपण त्याच्याशिवाय छापलं गेलं.

त्या खोडलेल्या ओळींवर मी फार विचार केलाय. त्यांचा त्या ओळींवर विश्वास होताच. पण हे वाक्य प्रयोगशाळेचं नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

१९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात या सिद्धांताचा आधार निर्मात्याकडे बोट दाखवण्यासाठी घेतला. कुणी सामान्य पाद्री असता तर हरखून गेला असता. फादर लमेत्र अस्वस्थ झाले. माझा सिद्धांत देवाच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असंच ते म्हणत आले होते. पुढल्या वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले, तेव्हा पोपनी तो सूर पुन्हा लावला नाही.

आपण दोघं पुण्यात नारळीकरांच्या व्याख्यानाला गेलो होतो, आठवतं? ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलबरोबर त्यांनी महास्फोटाला आयुष्यभर आव्हान दिलं. समज, विश्वाला आरंभच नाही हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं, तर मी मिस्साला जायचं थांबवायचं का? माझी श्रद्धा एका सिद्धांतावर टांगलेली असेल, तर नारळीकरांचा प्रत्येक शोधनिबंध मला धास्तीने वाचावा लागेल. मला तो कुतूहलाने वाचायचाय.

तू गॅलिलिओचं नाव काढशील, आणि काढायलाच हवंस. १६३३ मध्ये चर्चने त्यांच्यावर अन्याय केला. ती चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी उघडपणे मान्य केली १९९२ मध्ये. साडेतीनशे वर्षं! मला त्याची लाज वाटते, आणि वर्गात मी ते लपवत नाही.

मग मिस्सात मला काय मिळतं? बाबा गेले तेव्हा त्यांचं हृदय कसं बंद पडत गेलं, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. मला सगळं कळलं. तरी रात्री उशाशी बसून मी त्यांचा थंड हात धरला होता, तेव्हा ओठांवर आली ती लहानपणी आईने शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. ती मी कशाचाही पुरावा म्हणून म्हटली नाही. याहून नेमकं मला सांगता येत नाही, आणि तुझ्यापाशी बनवून सांगायचं नाही.

नाताळच्या सुट्टीत ये. शाळेची दुर्बीण घरी आणून ठेवतो. आकाश स्वच्छ असलं तर गच्चीवरून देवयानी दीर्घिका दाखवीन. मध्यरात्रीच्या मिस्सालाही चल, नुसता शेजारी बसायला. आई तुझी आठवण काढते.

तुझा,
वसईकर दोस्त