दोराच्या टोकाची गाठ

महोदय,

आमच्यासोबत चढणारा एक तरुण प्रस्तरारोहक मागच्या महिन्यात गेला. तेव्हापासून ‘जिवावर उदार होऊन जातातच कशाला?’ हा प्रश्न रोज कानावर पडतो. फार लागतं मनाला. तो उदार नव्हता हो. कड्याला हात लावण्याआधी जोडीदाराच्या हार्नेसचं, म्हणजे कमरेच्या सुरक्षापट्ट्याचं, बक्कल ओढून बघणारा पोरगा होता तो!

तो गेला उतरताना. चढताना दोर फक्त पडणाऱ्याला झेलायला असतो. रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, मात्र सगळा भार दोरावर आणि तो कड्याला जिथे अडकवलेला असतो त्या अँकरवर. त्यात अंग थकलेलं, मन निर्धास्त. दोराच्या टोकाला गाठ नसेल तर टोक उतरायच्या उपकरणातून निसटतं. ब्रॅड गोब्राइटसारखा कसलेला आरोहक 2019 मध्ये मेक्सिकोत असाच गेला, वयाच्या 31व्या वर्षी.

आमच्या त्या पोराची, हातांना लावायच्या खडूच्या भुकटीची पिशवी माझ्याकडे आहे. आत बोटांचे ठसे अजून तसेच आहेत, झटकायला हात धजत नाही. रविवारी सगळे कड्याखाली जमलो, पण चढलं कुणीच नाही. नव्या मुलांना फक्त टोकाची गाठ शिकवली, अंधार पडेपर्यंत.

– एक प्रस्तरारोहक